बांधावरची मंडळी

बांधावर उकिडवं बसायचं, तळहातानं जमिनीवर दोनदा थाप मारायची आणि मान तिरकी करून विचारायचं, "काय, मंडळी आहेत का घरात?" हे झाल्याशिवाय सरांनी कधी खुरपं मातीत घातलं नाही.

सर म्हणजे नाशिकच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर माणूस नातवंडं मोजतो, हे मातीतले जीव मोजत फिरायचे. गांडुळं, गोमा, वाळवी, आणि मला चष्मा लावूनही न दिसणारं बरंच काही. निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेच्या कडेला एक जुना बांध आहे. त्याला आजोबांपासून कुणी ना कुदळ लावली, ना औषध. यात निसर्गप्रेम काही नाही, निव्वळ आळस. पण सरांना आमचा हा आळस फार मोलाचा वाटला. फवारणीच्या बागेतली माती आणि शेजारची ही न शिवलेली माती, दोन्हीकडचे जीव मोजून ताडून बघायचे, असं त्यांचं काम. दरवर्षी पाऊस सरला की, द्राक्षांच्या फळासाठीच्या गोडी छाटणीच्या आधी, त्यांची स्कूटर यायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ते बांधावर बसून मंडळींची चौकशी करत होते, मी मागे उभा. मी अदबीनं सांगितलं, "नाहीत सर. मंडळी माहेरी गेल्यात, देवळ्याला."

सर दचकून वळले. "सगळी?"

"एकच हाय आमची."

सर हसता हसता बांधावरच कलंडले. हे बायकोला कळल्यापासून स्कूटर दिसली की ती दारातूनच ओरडायची, "सर, आधी माझी हजेरी घ्या, मग त्यांची!"

मला ते 'मालक' म्हणायचे. त्यानं माझी छाती फुगली की लगेच टाचणी लावायचे, "मालक सातबाऱ्यापुरते हं. खरे मालक खाली राहतात."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. आपण त्यांची थट्टा करतो आणि त्यांच्यासमोर शहाणपणा दाखवायलाही जातो. मीही गेलो. एके वर्षी सरांचा फोन आला, "यंदा बाहेरगावचे दोन प्राध्यापक येताहेत, आपला बांध बघायला."

आपला बांध! पाहुणे येणार म्हटलं की घरदार झाडून घ्यायचं, ही आपली रीत. मी बांधावर तणनाशक मारलं, वाळलेलं गवत खरवडून काढलं. सरांना दरवर्षी मुंग्या चावायच्या, म्हणून पावडरही टाकली. वर कडेनं चुन्याची रेघ ओढली. मंत्री येणार असते तरी एवढं केलं नसतं.

सर आले. बराच वेळ उभेच राहिले. मग बसले, खणलं, माती पांढऱ्या कापडावर पसरून ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. पाहुणे घड्याळ बघायला लागले. शेवटी सरांनी वहीत लिहिलं : गांडुळं, शून्य.

मी म्हणालो, "सर, मागच्या वर्षीचा आकडा टाका ना. कोण बघतंय?"

"मालक, मी आयुष्यात कुणाची खोटी हजेरी लावली नाही."

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पाहुण्यांच्या स्वागतासाठी यजमानांनी बांध स्वच्छ केला.' माझं तोंड बघून म्हणाले, "नाव नाही घातलं तुमचं."

"परत कधी येतील हो ती खालची मंडळी?"

"आता काही करू नका. तुमचा आळस तेवढा चालू ठेवा. तीन-चार पावसाळे जातील." मग गुडघा चोळत म्हणाले, "तेवढा मी पुरलो पाहिजे."

पुढच्या वर्षी मुंग्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी एक गोम निघाली, तेव्हा सरांनी मला मिठीच मारली. "गोम आली म्हणजे तिच्या जेवणाची सोय झाली, मालक!" गांडूळ मात्र नव्हतं. त्या वर्षी स्कूटरऐवजी ते रिक्षानं आले होते, आणि बांधावरून उठताना त्यांना मी हात दिला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात सर गेले.

पाऊस सरल्यावर मी एकटाच बांधावर गेलो. गवत मांडीपर्यंत आलेलं. सरांनी दाखवलं होतं तसा वीत-दीड वीत चौकोन आखला, खणला. गांडुळं घमेल्यात टाकत गेलो. दोनदा मोजणी चुकली, तिसऱ्यांदा अकरा भरली. आता सांगायचं कुणाला? घरी येऊन त्यांच्या मुलीला फोन लावला. म्हटलं, "ताई, सरांना सांगायचं होतं. अकरा निघाली."

ती नाक ओढत म्हणाली, "मोजून झाल्यावर परत मातीत सोडलीत ना? बाबा पहिलं तेच विचारायचे."

"म्हणजे काय!" मी म्हणालो, आणि फोन ठेवून बांधाकडे पळालो. घमेलं अजून उन्हातच होतं.