हरणासाठी कोणती गोळी?

सत्यनारायणाला दारात चपला साठतात ना, तसे ह्यांच्या शिकारीचे किस्से आमच्या हॉलंडमधल्या, नीउ-व्हेनेपच्या घरात साठलेत. भजनाच्या मैत्रिणी टाळ खाली ठेवायच्या आधीच विचारतात, "वहिनी, बंदुकीचं पुढे काय झालं?"

शेजारचे डच विमकाका जुने शिकारी. इथे हरणं फार वाढली, की परवाना काढून मोजकी मारतात. काकांच्या नादाने हे, आयटीतला माणूस, शेहेचाळिसाव्या वर्षी शिकारीची परीक्षा पास झाले! मी सोळा सोमवार धरले. मागणं एकच: ह्यांच्या हातून कुठला जीव तडफडू नये रे देवा.

*

एका एकादशीला काका ह्यांना नेमबाजीच्या क्लबवर न्यायला आले. हे खिचडी खात होते. काका दारातूनच ओरडले, "चल, उशीर होतोय!"

मी म्हटलं, "आमच्याकडे भरल्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत. बसा, तुम्हीही घ्या."

बसले बिचारे. खाता खाता ह्यांनी विचारलं, "माझी ती बारीक नळीची, बावीस बोअरची रायफल हरणाला पुरेल ना?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "ती सशांची! हरीण तिने मरत नाही, जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत बसतं. कायद्यातही बसत नाही ती."

मी डाव खिचडीच्या भांड्यात तसाच सोडला. म्हटलं, "उद्याच दुकानात जायचं. आणि मीपण येणार!"

*

नव्या रायफलची नळीही तशी बारीकच. पण काडतूस लांब, त्यात दारू जास्त. दुकानदाराने गोळ्यांचे दोन डबे पुढे ठेवले. एकातली कडक टोकाची गोळी निशाणाच्या कागदासाठी. हरणातून ती आरपार जाते आणि ते पळत सुटतं. दुसरी मऊ टोकाची. ती आत शिरताच फुलते, हरीण जागीच पडतं.

मी माझ्या मोडक्या डचमध्ये सुरू झाले. किती लांबून चालेल? वारा असला तर? नेम बोटभर चुकला तर?

दुकानदाराने घाम पुसला आणि ह्यांना विचारलं, "तुम्हीपण शिकार करता, की फक्त बाईसाहेब?"

*

दसऱ्याला रायफल तिजोरीतून काढून ह्यांनी पाटावर ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आमची ईरा म्हणाली, "मम, धिस इज सो वीअर्ड!"

दुसऱ्या दिवशी काकांनी नळी साफ करायला घेतली, तर आतून तांदळाचा दाणा निघाला! तो चिमटीत धरून म्हणाले, "आजवर चिखल निघाला, कोळी निघाला. भात पहिल्यांदाच!"

*

सोळावा सोमवार जानेवारीत आला, आणि नेमके त्याच पहाटे हे आणि काका मचाणावर गेले. मी देवापुढून हलले नाही.

दहाला दोघं परतले. काका खुर्चीत धपकन बसले.

"हरणी आली. ऐंशी पावलांवर, अगदी आडवी उभी. वारा नाही. गोळी तुम्ही निवडलेलीच. मी कानात म्हटलं, मार! तर हा म्हणतो, थांबा, ती गव्हाचे कोंब खातेय. भरल्या ताटावरून कसं उठवायचं?"

हे बूट काढण्यात गुंग!

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पाऊण तास थांबलो. तिचं पोट भरलं, आणि ती गेली!"