टेकडीखालचं घर

ज्येष्ठात विश्वजित आणि उत्कर्षा विकायला काढलेलं घर बघायला येणार, म्हणून लालासाहेबांनी सकाळीच स्वयंपाकघराच्या दाराला रंधा मारला. वर्षात तिसऱ्यांदा ते चौकटीत अडकायला लागलं होतं. मागच्या भिंतीतली चीर तर त्यांनी आठवड्यापूर्वीच पुट्टीनं बुजवून रंगवली होती. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचंही नाही, असं त्यांनी बायकोला, लीलाबाईंना बजावलं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारं जोडपं साधं होतं. उत्कर्षाला सातवा महिना. मागची खोली बघून ती म्हणाली, पाळणा इथंच बांधू. लालासाहेबांनी मान डोलावली.

विश्वजितचे वडील बिराप्पा मात्र घरात शिरलेच नाहीत. माणदेशातला म्हातारा, सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते परसात उभे राहून टेकडी न्याहाळत होते. लालासाहेब त्यांच्याजवळ गेले. वरच्या साऱ्या निलगिरी घराकडं कलल्या होत्या. वाऱ्यानं कलल्यात, असं लालासाहेब न विचारताच बोलून गेले. बिराप्पांनी वाकून कुंपणापलीकडं जमिनीला पडलेल्या भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"सुभेदार, घराची दारं अडकत्यात का?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "आजच रंधा मारला."

म्हातारा रागावला नाही. "टेकडी सरकतीया. माझी सून हितं ऱ्हाणार न्हाई. पण तुमी कसं ऱ्हाताय?"

हा प्रश्न लालासाहेबांना कधी पडलाच नव्हता. चीर घेणाऱ्याच्या नजरेस पडू नये, एवढाच घोर त्यांना लागलेला. पाहुणे गेले. दुसऱ्याच दिवशी चार भांडी, कपडे आणि लीलाबाईंना घेऊन त्यांनी शिरवळला लेकीचं घर गाठलं. शेजाऱ्यांना सांगितलं, नातवंडांची ओढ लागली.

श्रावणात भरदुपारी टेकडी सुटली. मागची खोली आणि स्वयंपाकघर चिखलात गेलं. लालासाहेब धावत आले आणि उरलेल्या ओसरीत उभं राहून त्यांनी बिराप्पांना फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "वर अजून किती डोंगर राह्यलाय?"

लालासाहेबांनी मान वर केली. तांबडी, ओली दरड लोंबत होती आणि तिच्या पोटातून गढूळ पाणी झिरपत होतं. खाली उताराला पाच घरं. एका घरात कुकरची शिट्टी झाली.

ते घसरत, धडपडत खाली उतरले आणि पहिल्या घराचं दार बडवलं. मानसिंगनं दार उघडलं. टेकडी आणखी येणार, समद्यांनी आताच बाहेर पडा, असं लालासाहेबांनी धापा टाकत सांगितलं.

"नाना, तुमाला हे कवापासनं ठावं व्हतं?"

"जेठापासनं," लालासाहेब म्हणाले. "आधी पोरं भायेर काढ."