आईचं कार्ड

पालघरजवळच्या माहीमचा रामनाथ पानवेलींच्या वाडीत वाढलेला. कागद-पेन्सिलीशी त्याचं कधी जमलंच नाही. बायकोनं, सुलूनं, मुलीसाठी घरभर चित्रं लावायला घेतली तेव्हा तो हसला होता. "चितरं बघून पोर काय बोलनार हाय?"

दिशाला ऑटिझम. बोलणं नाही. तिला काय हवंय ते कळलं नाही की भिंतीवर डोकं आपटायची. पालघरच्या विशेष मुलांच्या शाळेतल्या हिमानीताईंनी सुलूला शिकवलं, वस्तूचा फोटो चिकटवलेलं कार्ड दिशानं हातात द्यायचं आणि ती वस्तू तिला लगेच द्यायची. पहिलं कार्ड केळ्याचं. त्यालाच तीन आठवडे गेले. मग पाणी, झोपाळा, समुद्र. डोकं आपटणं थांबलं आणि रामनाथचं हसणंही. एका कार्डावर सुलूचाच फोटो होता. दिशानं ते रामनाथला दिलं की तो हाक मारायचा, आणि सुलू वाडीतून हातातलं काम टाकून यायची.

गेल्या चैत्रात सुलू त्याच वाडीत कोसळली ती उठलीच नाही. दिशा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तेराव्याचे पाहुणे गेले आणि दिशानं आईचं कार्ड बापाच्या हातात ठेवलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा ठेवलं. मग आत जाऊन सगळीच कार्डं घेऊन आली, त्याच्या तळहातावर एकेक करून रचली आणि सगळ्यांवर सुलूचं ठेवलं. कार्ड देताना आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटत असावं.

आत्या म्हणाली, "आई देवाकडं गेली." तर पोरगी दोन दिवस देवळाच्या पायरीवरून उठेना.

हिमानीताई म्हणाल्या, "काका, आडून सांगू नका. जे झालं तेच चित्रांत दाखवा."

"मला कुठं येतात चितरं?"

"येतील तशी काढा."

रामनाथनं वहीच्या पानांवर काढली. डोळे मिटून पडलेली सुलू. तिरडी आणि चार माणसं. चिता. घर, आणि घरात दोघंच. चितेत लाल रंग भरताना त्याचा हात थांबला. तेराव्यालाही कुणासमोर न रडलेला माणूस ओटीवर बसून हुंदके देऊन रडला.

सकाळी त्यानं ती पानं दिशापुढं ओळीनं मांडली. "आई मेली. आई येनार नाय." प्रत्येक चित्रावर बोट ठेवून तीनदा सांगितलं. दिशा चितेच्या चित्रावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग उठली, भिंतीवरून सुलूचं कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

या वेळी त्यानं मान हलवली नाही. कार्ड छातीशी धरलं.

"मला पन पायजे गं," तो म्हणाला. "मला पन पायजे."

दिशानं कार्ड दिलं होतं; ती हात पुढं करून उभीच होती.