काच वर करून

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या प्रयोगशाळेतच होते. समोरच्या खिडकीत त्याच्या पाच बाटल्या रांगेत उभ्या होत्या, फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत. सहा आठवडे झाले, त्या हलवायचा धीर मला झालेला नाही.

आम्ही दोघं मिळून कॅडमियमचे अतिसूक्ष्म कण बनवायचो. तापलेल्या तेलात द्रावण सोडलं की कण वाढू लागतात आणि वाढतील तसा रंग चढत जातो. नेमक्या क्षणी उतरवले तरच ते प्लास्टिकमध्ये कालवून काचेवर पसरता येतात, आणि उन्हाची वीज होते. जरा उशीर झाला की सगळं फुकट. माझं नेहमी फुकट जायचं, सोपानचं कधीच नाही. तो अवसरी बुद्रुकचा, गुळव्याचा मुलगा. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीवर वाकून, वाफ हुंगून गुळाचा पाक ओळखणाऱ्या बापाकडे बघत मोठा झालेला. वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाची काच तो सरळ वर करायचा आणि डोकं आत घालायचा.

"अरे, काच खाली घे," मी एकदाच म्हटलं.

"काचंतनं रंग खोटा दिसतो, ताई. आन् रंग मोजायचं मशीन मागनं सांगतं, नाकाला आधी कळतं."

मी हसले. खरं सांगायचं तर मला त्याचे कण हवे होते. माझा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता... पुढे तो खोकायला लागला, तेव्हाही मी धुळीलाच बोल लावला. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडात धरून एवढंच विचारलं, "हे काय काम करतात?"

दहाव्याला त्याचे वडील शेजारी येऊन बसले. "मी उभा जल्म चुलाणापुढं काढला, मला काय न्हाय झालं. ह्याच्या धुरात काय व्हतं, ताई?" कॅडमियमची वाफ फुप्फुसं जाळते, हे मला माहीत होतं. मी "आजारच तसा होता" म्हणाले. त्याची लाज अजून जात नाही.

काल पहिल्यांदा एकटीने तेल तापवून द्रावण सोडलं. काच खाली, हातात मोजे, तोंडावर मास्क. पिवळं झालं, नारिंगी झालं... आणि मग काही कळेना. काचेमागचा रंग त्याच्या चौथ्या बाटलीशी जुळेचना. प्रबंधासाठी त्याच रंगाचा एक ताजा नमुना तेवढा हवा होता. मास्क कधी खाली ओढला ते आठवत नाही. भानावर आले तेव्हा काच वर होती, आणि मी आत वाकलेली होते.

नमुना एकदम छान जमला. त्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलाय. आज सकाळपासून घसा जरा खवखवतोय... धुळीनंच असेल.