शटरवरचा मारुती

वर्षातून एकदा, कार्तिकी एकादशीला, आमच्या गल्लीतून रामाचा रथ जातो आणि वर्षातून एकदा मी सगळ्या माणूसजातीवर चिडते. दोन्हीचा दिवस एकच. जुन्या जळगावातली ही गल्ली रथाला जेमतेम पुरते, आणि वळण नेमकं माझ्या दुकानासमोर. चाकाला लाकडाची मोगरी, म्हणजे पाचर, लावून रथ तिथे हळूहळू वळवतात, तोवर सगळी गर्दी माझ्या दारात खोळंबते. उभा माणूस रिकामा असतो आणि रिकाम्या माणसाच्या तोंडात गुटखा असतो.

माझं दुकान ब्लाउज शिवायचं. खाली दुकान, वर आम्ही नवरा-बायको. वर जायचा जिना बाहेरून गल्लीतूनच आहे, आणि दुकानाला दार म्हणाल तर शटर, एवढं एकच. रथाच्या दुसऱ्या दिवशी त्या शटरकडे बघवत नाही. कोपऱ्यात तर नाकाला पदर लावून पाण्याच्या बादल्या ओताव्या लागतात.

उपाय केले नाहीत असं नाही. एका वर्षी ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी लावली. लोकांना नेम धरायला बरी पडली. पुढच्या वर्षी शटरभर प्लास्टिकचा कागद बांधला, तर तो कुणीतरी सोडून नेला आणि त्यावर बसून रथ बघितला. त्याच्या पुढच्या वर्षी बांबू आडवे बांधले. त्यावर चढून अर्धी गल्ली दर्शन घेत होती. घर आणि दुकान सांभाळायचं म्हणजे गर्दीच्या सोयीचं काहीतरी करून ठेवायचं, असाच माझा अनुभव.

यंदा शटरला नवा मोरपंखी रंग दिला होता, म्हणून आमच्या ह्यांनीही डोकं चालवलं. म्हणाले, “देव चिकटवू. देवावर कोण थुंकतं?”

कल्पना काही नवी नव्हती, सगळं गाव जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या फरशा लावतं. प्रश्न होता, देव कोणता. गणपती मला मवाळ वाटला. देवी लावावी तर बायका खण वाहतील आणि वर शिवून द्या म्हणतील. शनीचा विचार मी लगेच झटकला, लोक तेल ओततात. शेवटी मारुती ठरला. मारुतीचा धाक असतो. ह्यांनी फ्लेक्सवाल्याकडून माणसाच्या उंचीचा, मागून चिकटणारा मारुती करून आणला आणि शटरच्या बरोबर मधोमध असा काही दाबून बसवला, की निघायची सोयच ठेवली नाही.

गुरुवारी आमच्या समाधानाला सीमा नव्हती. शुक्रवारी रथ आला, वळला, गेला. मी वरच्या खिडकीतून डोळ्यांत तेल घालून पाहत होते. एकही पिंक पडली नाही. कोपऱ्याकडे जाणारी माणसं मारुती दिसताच ओशाळून परत फिरत होती. ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असा ताठ माणूस मी घरात पाहिला नव्हता.

आम्ही दोघंही एक साधी गोष्ट विसरलो होतो. शुक्रवारनंतर शनिवार येतो.

सकाळी घंटेच्या आवाजानं जाग आली. खाली येऊन पाहते तर माझ्या दुकानासमोर रांग. मारुतीच्या गळ्याशी रुईच्या पानांची माळ, छातीला शेंदूर, मोरपंखी रंगावरून खाली ओघळलेलं तेल. पायरीवर नारळ फुटत होते आणि कुलपाला कुणीतरी कुंकू लावलं होतं. पुढे, समोरच्या घरातले आबा पंचा खांद्यावर टाकून पुजाऱ्यासारखे उभे. आबा मूळचे अमळनेरकडचे, गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे, आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी हाताला काम लागलं होतं.

मी किल्ली काढली तसा त्यांनी हात आडवा केला. “शटर वर कशी करशी? मारुतीले गुंडाळशी का आते?”

रांगेतल्या बायका माझ्याकडे अशा पाहू लागल्या, की मी किल्ली पदराखाली घेतली. ह्यांचा ताठा जिन्यातच राहिला होता. ते खाली आलेच नाहीत.

आणि मला तर शटर उघडायलाच हवं होतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नांची धांदल सुरू होते. पारोळ्याकडच्या एका मुलीचं लग्न दुसऱ्याच दिवशी होतं, हळद शनिवारी संध्याकाळीच, आणि तिच्या शालूवरचा ब्लाउज आत टांगलेला होता. शुक्रवारी गल्ली बंद म्हणून तिला शनिवारची सकाळ दिली होती. शेवटचं एकदा घालून बघायचं राहिलं होतं. सगळ्या देवांत मी पहाऱ्यावर ब्रह्मचारी बसवला होता आणि तो नवरीचा ब्लाउज सोडायला तयार नव्हता.

मुलगी आली ती वडिलांना घेऊन, एसटीतून उतरून तडक. वडिलांनी रांग पाहून आधी चपला काढल्या, मग विचारलं, “अक्का, बिलाऊज तयार शे ना?”

“तयार आहे,” मी म्हटलं. “आत आहे.”

त्यांनी मारुतीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि परतीची गाडी चुकणार हे ओळखून पायरीशेजारी बसले. मला रडू येईल असं वाटलं. मुलीचं लग्न, आणि माझ्या रंगाच्या हौसेपायी तिनं जुना ब्लाउज घालून बोहल्यावर उभं राहायचं? मी आबांच्या विनवण्या केल्या. आबा नुसते नकाराची मान हलवत होते.

तेव्हा ती मुलगी रांग सोडून पुढे गेली. मारुतीसमोर हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “देवबा, तुनं लगीन व्हयनं नही, मनं तरी व्हऊ दे.”

रांगेच्या टोकाची एक म्हातारी आधी हसली, तिच्यामागून सगळ्या, आणि शेवटी आबांचंही पोट हलायला लागलं. पंच्यानं डोळे पुसत त्यांनी निकाल दिला. “मारुती शे तो. उडाले त्याले कितला येळ लागस?”

मग मी कुलूप काढलं आणि त्यांनी स्वतःच शटर वर लोटलं. मारुती आधी डोक्यानं, मग गदेसकट वर गेला. रांग तिथेच थांबून राहिली.

आतल्या पडद्यामागे तिनं ब्लाउज घातला. कुठे ओढत नव्हता, कुठे झोळ नव्हता. तिनं शिवणीत बोट घालून पाहिलं आणि आत एवढं कापड कशाला सोडलं म्हणून विचारलं. मी नवरीच्या ब्लाउजला नेहमीच आत दोन बोटं कापड जास्त ठेवते. सासरी सुख लागलं की अंग भरतं, मग शिवण उसवून सैल करता येतो. तिला तसं सांगितलं. आतापर्यंत देवाला टोमणा मारणारी ती पोर एकदम हळू आवाजात बोलू लागली. नवरा सुरतेला कामाला, तिथे ओळखीचं कुणी नाही, एवढंच म्हणाली आणि आरशात स्वतःकडे बघत राहिली. मीही मग उगाच हुक तपासत बसले.

जाताना ती म्हणाली, “अक्का, शटर खाली करा. देव डोक्यावर शे, पाया पडनं राहीगयं.”

हंगामातला शनिवार आणि भर सकाळ, पण मी शटर खाली ओढलं. ती वाकली, तिचे वडील वाकले. त्या दोघांमागे मीही हात जोडले. राखणीला आणलेल्या त्या देवाजवळ मी तोवर काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. हा ब्लाउज तिला लवकर घट्ट होऊ दे, आणि तो सैल करायला तिला माझ्याच दारात येऊ दे.