अ‍ॅम्प्लिफायरमधला भुंगा

बरेच दिवस बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की सुराच्या आधी वास येतो. तापलेल्या धुळीचा, थोडा जुन्या रेडिओसारखा, आणि आमच्याकडे त्यात उदबत्तीचाही. कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, कोणत्याही वाद्याला उदबत्ती ओवाळल्याशिवाय हात लावू देत नसत, आणि इंग्रजी अक्षरं छापलेल्या या काळ्या खोक्यालाही त्यांनी त्यातून सूट दिली नव्हती. काल दुपारी तो वास खोलीभर पसरला आणि गिटार मांडीवर घेऊन मी नुसताच बसून राहिलो.

अण्णा शाळेत हेडक्लार्क होते, पण ते पोटापुरतं. खरे ते भजनाचे पेटीवाले. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत भजन बसायचं. अण्णा उजव्या हाताने पेटी वाजवत, डाव्याने भाता हलवत आणि वर गातही. मग एका आजारपणात डावा हात लुळा पडला. भाता हलेना म्हणून पेटी मिटली, आणि पेटीबरोबर त्यांनी गळाही मिटून घेतला. दुसऱ्या कुणी साथीला बसावं तर "तो माझ्या आधी पोचतो" म्हणून नाक मुरडत. भजन सुरू झालं की आतल्या खोलीत जाऊन सकाळी वाचून झालेला पेपर पुन्हा उघडून बसत. मला ते पाहवेना. कॉलेजात असताना शिकलेली गिटार माझ्याकडे होती, आणि तीही धूळ खात होती. "अण्णा, मी साथ करतो," म्हटलं. त्यांनी बराच विचार करून एकच अट घातली, सूर स्वच्छ पाहिजे. टाळ-तबल्याच्या गर्दीत गिटार ऐकू यायची तर अ‍ॅम्प्लिफायर हवाच. थोडक्यात, अण्णा पुन्हा गाणार की नाही हे आता एका खोक्यावर येऊन ठेपलं होतं.

सोलापुरात अ‍ॅम्प्लिफायरला तोटा नाही. या गावाला वर्षभर मिरवणुका पुरतात, आणि त्यामुळे इथे दुकानदार सूर विकत नाही, ताकद विकतो. पहिल्याच दुकानात मालकाने एका कपाटाएवढ्या खोक्यावर थाप मारली. "काका, ह्यो घ्या. लावला की चौकातल्या खिडक्या हलत्याल."

"आम्हाला खिडक्या हलवायच्या नाहीत. अभंग म्हणायचाय."

"मंग अभंग बी हलंल की!"

दुसऱ्या दुकानात खास गिटारीचे अ‍ॅम्प्लिफायर होते. मालकाने एक बटण फिरवून तार छेडली, तर वादळात पत्रे उडावेत असा आवाज झाला. अण्णा म्हणाले, "हा बिघडलेला आहे." मालक हसला. "न्हाय काका, ह्ये मुद्दाम केलंय." "मुद्दाम?" घरी येईपर्यंत अण्णा मधूनमधून तो शब्द स्वतःशीच उच्चारत होते.

पण खरी गंमत त्यांच्या परीक्षेची होती. पेटी घेताना जाणता माणूस ती आधी वाजवत नाही. भाता भरतो, एकही पट्टी न दाबता कान देऊन बसतो. हवा कुठून निसटते का, एखादी पट्टी आपली आपणच बोलते का, ते बघतो. अण्णांनी हीच रीत अ‍ॅम्प्लिफायरला लावली. खुर्ची मागायची, खोका चालू करायला लावायचा, आवाज पूर्ण चढवायचा, कुणी काही वाजवायचं नाही, आणि मग डोळे मिटून कान जाळीला लावायचा. एका दुकानदाराने घाबरून मला विचारलं, "काकांना बरं वाटंना झालंय काय?" अण्णा डोळे न उघडताच म्हणाले, "वाजवल्यावर सगळेच गोड बोलतात. गप्प असताना काय बोलतो ते ऐकतोय." बहुतेक खोके गप्प असताना घूंऽऽ करत. अण्णा त्याला भुंगा म्हणत. "आत भुंगा आहे," असा निकाल देऊन उठत आणि मी दुकानदाराची नजर चुकवत मागोमाग निघे.

अखेर एका दुकानाच्या कोपऱ्यात एक साधा, छोटा, बटणांची भानगड नसलेला खोका सापडला. तो गप्प म्हणजे अगदी गप्प होता. मग मी एकच तार छेडली. सूर जसा बोटातून निघाला तसाच बाहेर आला आणि गोल, निवळ राहून हळूहळू विरला. अण्णांनी डोळे उघडले. "बांधा." घरी हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मला बघायला आले होते तेव्हा एवढा वेळ बसले नव्हते."

घरी खोका चालू केला, तर आत भुंगा! दुकानात परत नेला, तिथे पुन्हा चिडीचूप. दुकानदाराने निमूट दुसरा दिला. घरी त्यातही भुंगा. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने हात जोडले. "काका, खोका बदलून झाला. आता घर बदला." तो चेष्टेने बोलला खरा, पण दोष खरंच घराकडे होता. आमच्या समोर यंत्रमागांची शेड. माग सुट्टीला बंद असताना मी सहज खोका चालू केला आणि तो दुकानातल्यासारखा शांत राहिला. मागांच्या मोटारी आणि आम्ही एकाच लाइनीवर, त्यामुळे त्यांची घरघर विजेतून थेट आमच्या खोक्यात उतरत होती. इतकी वर्षं ती खटखट आमच्या कानांवर होती, पण आम्हाला ती ऐकूच येत नसे.

अण्णा तडक समोर गेले. मागवाले शेट घरात तेलुगू बोलत आणि आमच्याशी पक्कं सोलापुरी. "गुरुवारी तासभर बंद ठिवतो की, काका. पर मी बी येऊन बसनार." चालू माग थांबवणं ही मागवाल्याच्या जिवावरची गोष्ट. तरी गुरुवारी माग थांबले, आणि शेट इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले.

मी सूर दिला. इतका स्वच्छ, की मलाच भीती वाटली. अण्णांनी अभंग उचलला, वर गेले, आणि लांब धरायच्या सुरावर त्यांचा आवाज थरथरला आणि फाटला. पेटी होती तोवर दम कमी पडला की तीच त्यांना उचलून धरायची. गिटारीचा सूर विरल्यावर उरणाऱ्या या निवळ शांततेत लपायला जागाच नव्हती. ते थांबले. कुणी मान वर करेना. आपण हौसेने आणलेल्या या खोक्यानेच त्यांचं गाणं संपवलं, असं मला वाटलं.

अण्णांनी घसा खाकरला. "शेट, तुमचे माग चालू करा."

"काय म्हनलासा, काका?"

"चालू करा म्हणतो ना. फार सामसूम झालीय."

शेट इस्त्रीच्या शर्टासकट धावत गेले. समोर खटखट सुरू झाली, आणि खोक्यात भुंगा जागा झाला. अण्णांनी मान तिरकी करून जाळीकडे कान नेला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अरे, हा तर पंचम देतोय! जरा चढा आहे. तूच गिटार चढवून घे." मी तारा चढवल्या. अण्णा पुन्हा वर गेले. आवाज थरथरतच होता, पण त्या घुमण्यावर टेकून तो यावेळी पार पोचला. आरतीपर्यंत ते गात राहिले. त्यानंतर माग बंद ठेवा असं शेटना कुणी सांगितलं नाही, आणि शेटही दर गुरुवारी येत राहिले.

आता अण्णा नाहीत. समोरचे मागही विकले गेले, शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम आहे. अ‍ॅम्प्लिफायर आता कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी अगदी हवा तसा स्वच्छ वाजतो, आणि मला त्याचं काहीही कौतुक वाटत नाही. काल मी तोच अभंग वाजवला. त्या लांब सुराच्या आधी, अण्णा दम घ्यायचे तिथे, हात आपोआप थांबला. तेवढं थांबून मी पुढे गेलो.