उसनवारीचं घर

मी तेव्हा बालन्यायालयाची प्रोबेशन ऑफिसर होते. लोक मात्र मला 'पोरं नेणारी बाई' म्हणत. चाळीत शिरले की आया आपापली पोरं जवळ ओढत. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग मी जरा तोऱ्यातच चालायला शिकले.

एकदा आकुर्डीच्या चाळीतलं प्रकरण आलं. आई वारलेली, वडील कारखान्यात. सेकंड शिफ्ट असली की ते दोन्ही लहान मुलींना खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावत. कुणीतरी तक्रार केली. मुलींना बालगृहात पाठवायचं की देखरेखीखाली वडिलांकडेच ठेवायचं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. कुलूप ऐकूनच माझं डोकं सणकलं होतं.

जाऊन बघते तर काय! लोखंडी पलंग, त्यावर कोरी चादर, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात रेडिओ, फळीवर स्टीलचे चकचकीत डबे. मुली चापूनचोपून वेण्या घालून पलंगावर बसवलेल्या.

"घर बघायला आलेय मी, रुखवत नाही," मी म्हणाले. वडील कसनुसं हसले.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "बाई, रागावू नका. तेवढं घड्याळ नेते. आमचं मानूस ड्यूटीला निघालंय." मागोमाग एक म्हातारे रेडिओ मागायला आले, त्यांच्या बातम्या चुकत होत्या. मग डब्यांची मालकीण. वडिलांची मान खाली गेली. भरलेलं घर दिसलं की पोरी आपल्याकडे राहतील, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं.

"यातलं तुमचं काय?" मी विचारलं.

थोरलीच म्हणाली, "चूल आमची हाय. आन् आमी दोघी."

हसू आलं आणि गहिवरूनही आलं. मी शेजारणीवरच उखडले, "पलंग देता, घड्याळ देता, मग पोरी का सांभाळत नाही?"

"त्यांनी कधी म्हटलंच न्हाई," ती म्हणाली. "घड्याळ मागितलं. पोरी बघा म्हणायला लाजले."

मुली घरीच राहाव्यात, बाहेरून कुलूप लावणं कायमचं बंद, सेकंड शिफ्टला मुली शेजारणीकडे, असं मी अहवालात लिहिलं. न्यायालयानं ते मानलं आणि देखरेख माझ्याकडे दिली. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

पुढच्या महिन्यात संध्याकाळी न कळवता गेले. मुली शेजारणीकडे जेवत होत्या. मला पाहताच धाकटी उठली, हात धुतला आणि कोपऱ्यातली कपड्यांची पिशवी घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. कधीपासून भरून ठेवली होती कोण जाणे.

"अगं, मी जेवायला आलेय," मी म्हणाले, तिला परत ताटावर बसवलं आणि तिच्याच शेजारी पाट ओढून बसले. शेजारणीनं मला ताट वाढलं. माझी अर्धी भाकरी होईपर्यंत धाकटीनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मग ती हळूच बाजूला सारली आणि म्हणाली, "बाई, कालवण घ्या की."